परसातला दाणा चिमण्यांऐवजी पारवे आणि उंदीरच खातात: कारण आणि उपाय

मार्चमध्ये परसात दाणा ठेवायला सुरुवात करावी, पंधरा दिवसांत चिमण्या, होले आणि साळुंक्या येऊ लागाव्यात, मे महिन्यात सकाळच्या वेळी भांड्याच्या काठावर बसायला जागा उरू नये, आणि मृग लागून पंधरवडा होत नाही तोच चिमण्या नाहीशा होऊन तिथे पारव्यांचा थवा, रात्री उंदीर आणि भांड्यात आंबूस वासाचा चिकट दाणा एवढेच उरावे, हा अनुभव विदर्भातल्या खेड्यांत पाखरांसाठी दाणापाणी ठेवणाऱ्या पुष्कळ घरांचा आहे. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उत्साहाने सुरुवात होते आणि पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा तेच घडते.

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या घरी हा प्रकार सलग तीन वर्षे घडला. पहिल्या वर्षी मी दोष पारव्यांना दिला, दुसऱ्या वर्षी शेजारच्या बोक्याला, आणि तिसऱ्या वर्षी बाजारातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या दाणापात्राला, ज्याच्या खोक्यावर चिमणीचे सुरेख चित्र होते आणि ज्यात पहिल्याच पावसात बाजरीचा लगदा झाला. चौथ्या वर्षी आईने सांदवाडी झाडताना त्या भांड्याखालची माती सुपात भरली आणि ती माझ्यासमोर पाखडली. दोन-तीनदा सूप झटकल्यावर धूळ आणि फोल उडून गेले आणि सुपाच्या मागच्या कडेला ओंजळभर अख्खी ज्वारी, कोंब फुटलेले काही दाणे आणि उंदराच्या लेंड्या उरल्या. "तू पाखराइले नाही, उंदराइले चारून रायला," एवढेच ती म्हणाली आणि सूप भिंतीला टेकवून आत गेली.

दोष तोच होता. पारवे, उंदीर, मुंग्या, बुरशी आणि पाखरांचे आजार या पाच वेगळ्या तक्रारी दिसतात, परंतु त्यांचे मूळ बहुतेक वेळा एकच असते, आणि ते म्हणजे संध्याकाळी उरलेला दाणा. म्हणून दुरुस्तीची सुरुवात भांडे बदलण्यापासून न करता दाण्याच्या मापापासून करावी.

आधी माप

चिमणीचे वजन जेमतेम 25 ग्रॅमच्या आसपास असते आणि तिला दिवसभरात लागणारा दाणा थोड्याशाच ग्रॅमांत मोजावा इतका असतो. शिवाय तो सगळा ती आपल्याच परसातून घेत नाही, कारण गोठ्यातले कुटार (भुसा), गावातली पिठाची चक्की, दुकानापुढची सांडलेली डाळ आणि शेताचे धुरे हेही तिच्या फेरीत असतात. आमच्याकडे त्या काळात सकाळी 20 ते 25 चिमण्या येत होत्या आणि मी रोज अर्धा किलो ज्वारी टाकत होतो. हिशेब चौथीतल्या मुलालाही जमावा असा होता, पण दानधर्मात माप काढणे आपल्याकडे कद्रूपणाचे समजतात आणि मीही तसेच समजत होतो.

माप ठरवण्याची रीत अशी आहे. सूर्योदयाच्या सुमारास, म्हणजे रात्रभर उपाशी राहिलेली पाखरे सर्वांत भुकेली असतात तेव्हा, एकच मूठ दाणा ठेवावा आणि तासाभराने भांड्यात हात फिरवून पाहावा. फोल हाताला लागले तर चालेल, मात्र दाणा लागता कामा नये. लागला तर दुसऱ्या दिवशी मूठ लहान करावी. अर्ध्या तासातच भांडे रिकामे होत असेल आणि पाखरे काठावर येऊन परत जात असतील तर अर्धी मूठ वाढवावी. आठ दिवसांत आपल्या परसाचे माप आपोआप हाती येते. आमच्याकडे ते सकाळी दोन मुठी आणि दुपारी साडेचारनंतर एक मूठ असे ठरले. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, दाणा ठेवण्याचा काही उपयोग नसतो, कारण 45 अंशांच्या उन्हात पाखरे सावलीत चोच उघडी टाकून बसलेली असतात आणि त्या वेळी त्यांना दाण्याची नव्हे, पाण्याची गरज असते. दिवेलागणीपूर्वी भांडे आत घ्यावे आणि खालची जागा खराट्याने झाडावी. ही शेवटची गोष्ट सर्वांत कंटाळवाणी आहे आणि सर्वांत महत्त्वाचीही तीच आहे.

फोलाबद्दल एक सूचना करावीशी वाटते. चिमणी आणि मुनिया राळ्याचा दाणा चोचीत फिरवून त्याचे टरफल टाकून देतात, त्यामुळे भांडे वरून भरलेले दिसते आणि आत दाणा नसतो. नेमके उलटही होते, म्हणजे वर फोल आणि खाली भिजलेला दाणा असतो. वरचे फोल हलकेच फुंकल्याशिवाय भांडे भरलेले आहे की रिकामे, हे डोळ्यांना कळत नाही.

पारवे का वाढतात आणि चिमण्या का वाढत नाहीत

माप कमी केल्याने उंदीर, मुंग्या आणि बुरशी यांचा प्रश्न बराचसा मिटतो. पारव्यांचा मिटत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पारव्याच्या गळ्याखाली दाणा साठवण्याची पिशवी असते. तो काही मिनिटांत ती भरून घेतो आणि कुठेतरी माळवदाच्या कठड्यावर बसून सावकाश पचवतो. चिमणी एक एक दाणा सोलत बसते. दोन मुठी दाण्यावर दहा पारवे उतरले, तर चिमणीचा तिसरा दाणा सोलून होईपर्यंत भांडे साफ झालेले असते.

याहून महत्त्वाचे कारण पिलांच्या आहारात आहे. पारवा आणि होला आपल्या पिलांना सुरुवातीचे दिवस त्याच गळ्यातल्या पिशवीत तयार होणारा दुधासारखा घट्ट स्राव भरवतात, त्यामुळे नर-मादीला दाणा मिळत राहिला तर त्यांची वीण वर्षभर चालू शकते. चिमणीचे तसे नाही. चिमणी स्वतः दाणा खात असली तरी तिच्या पिलांना पहिल्या दिवसांत अळ्या आणि लहान किडेच लागतात, आणि ते कमी पडले तर आपण पोतेभर बाजरी ओतूनही पिले जगत नाहीत. याचा अर्थ असा की जास्तीच्या दाण्यातून पारव्यांची संख्या सरळ वाढते, आणि चिमण्यांची मात्र वाढत नाही. दादरच्या कबुतरखान्यावरून 2025 साली मुंबईत जो वाद पेटला आणि उच्च न्यायालयापर्यंत गेला, तो प्रश्न शहराचा म्हणून आपण वर्तमानपत्रात वाचतो, परंतु दाण्याचे आणि पारव्याचे गणित खेड्यातल्या परसातही तेच असते. फरक फक्त संख्येचा असतो.

म्हणून पारव्यांसाठी दाण्याचे माप नव्हे, तर दाणा ठेवण्याची पद्धत बदलावी लागते. आम्ही दोन उपाय केले. पहिला उपाय कोंबड्या झाकायच्या डाल्याचा आहे. बांबूच्या कामट्यांचे विरळ विणीचे डाले घ्यावे, ज्याची भोके दीड ते दोन इंचांची असतील. त्याखाली दाण्याची पसरट थाळी ठेवावी आणि सगळे मिळून कमरेच्या वर, एखाद्या दगडी ओट्यावर किंवा लाकडी चौकटीवर बसवावे. चिमण्या आणि मुनिया पहिले दोन दिवस डाल्यावर नुसत्या बसतात, तिसऱ्या दिवशी एखादी आत शिरते आणि मग सगळ्या शिरतात, तर पारवा बाहेरून मान घालून पाहतो आणि कंटाळून निघून जातो. थाळी डाल्याच्या मधोमध असावी, नाहीतर पारव्याची चोच तिथपर्यंत पोहोचते. डाले जमिनीवर ठेवू नये, कारण मांजर आले की आतल्या पाखरांना एकाच वेळी बाहेर पडता येत नाही. आमच्याकडे एक चिमणी अशीच गेली आणि त्यानंतर ते डाले वर चढले.

दुसरा उपाय याहून जुना आणि माझ्या मते अधिक चांगला आहे. ज्वारीची किंवा बाजरीची कणसे, आणि भंडारा-गोंदियाकडे धानाच्या लोंब्या, सुतळीने जुडी करून ओसरीच्या वाशाला मोकळ्या टांगाव्यात. चिमणी, मुनिया आणि सुगरण लटकून खाण्यात पटाईत असतात. पारव्याला हलत्या कणसावर तोल सावरता येत नाही. तो एकदा पंख फडफडवतो आणि उतरतो. कणसातला दाणा लवकर भिजत नाही, मुंग्यांना सहज सापडत नाही आणि जे सांडते ते थोडे असते. खाली एक जुने सूप ठेवले की तेही सांडत नाही.

पावसाळ्यात चिमण्या कमी होणे हा दर वेळी दोषच नसतो

या ठिकाणी घाईने निष्कर्ष काढू नये. मृगाच्या पहिल्या पावसानंतर परसात, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) शेतात आणि नाल्याच्या काठी किड्यांची रेलचेल होते, गवताला बी धरू लागते, आणि पिलांसाठी अळ्या शोधणारी चिमणी दाण्याकडे पाठ फिरवते. हे चांगले लक्षण आहे. दोष आणि निसर्गक्रम यांत फरक करण्याची एक साधी खूण आहे. चिमण्या वांग्याच्या वाफ्यात, शेवग्याच्या फांदीवर किंवा उकिरड्याच्या कडेला टिपताना दिसत असतील आणि भांड्याकडे पाहतही नसतील, तर काहीही करू नये. दाणा कमी करावा आणि पाणी चालू ठेवावे. त्याच चिमण्या विजेच्या तारेवर किंवा टिनाच्या कडेवर ओळीने बसून भांड्याकडे पाहत असतील, खाली झेपावून अर्ध्यातून परत फिरत असतील, तर मात्र भांड्यात किंवा भांड्याभोवती काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

परसातल्या भाजीवर त्या दिवसांत कीटकनाशक फवारू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी, परंतु एका हाताने बाजरी ठेवून दुसऱ्या हाताने पिलांचे अन्न मारणारी घरे मी पाहिली आहेत, आणि त्यांत काही काळ आमचे घरही होते.

उंदीर आणि त्यांच्या मागे येणारे

उंदीर दाण्यासाठी येतो आणि साप उंदरासाठी येतो. आपल्याकडे परसात पऱ्हाट्यांचा आणि तुराट्यांचा ढीग जळणासाठी रचलेला असतो, शेजारी कुटार असते, आणि दाण्याचे भांडे बहुधा त्याच कोपऱ्यात ठेवले जाते, कारण तिथे चिमण्यांना लपायला जागा असते. चिमण्यांच्या दृष्टीने ती जागा योग्य आहे, घरच्या माणसांच्या दृष्टीने नाही. धामण आली तर भीतीचे कारण नसते. परंतु नाग आणि घोणस हेही उंदरामागे येतात, मण्यारही घराच्या आसपास रात्रीच फिरते, आणि उन्हाळ्यात अंगणात खाली अंथरूण टाकून झोपण्याची आपली सवय लक्षात घेता हा धोका काल्पनिक नाही. मण्यार चावल्याचे झोपेत अनेकदा कळतही नाही. दाण्याची जागा पऱ्हाट्यांच्या ढिगापासून निदान दहा-बारा फूट लांब न्यावी, झोपण्याच्या जागेपासून त्याहून लांब न्यावी, आणि साप दिसलाच तर काठी न उचलता सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

उंदीर झाले म्हणून विषारी गोळ्या किंवा विष कालवलेली कणीक ठेवणे हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे. ते आमिष पाखरेही टिपतात, आणि विष खाऊन अर्धमेला झालेला उंदीर घुबडाच्या किंवा मांजराच्या तोंडी जातो. गव्हाणी घुबड आणि पिंगळा हे आपल्या गोठ्यातले फुकटचे राखणदार आहेत. त्यांना मारून उंदीर कमी होत नाहीत. दाणा रात्री बाहेर राहिला नाही, धान्याची कोठी घट्ट बंद राहिली आणि बिळांची तोंडे दगडमातीने बुजवली, तर महिन्याभरात फरक दिसतो. आमच्याकडे तो पाच आठवड्यांनी दिसला.

कोणता दाणा चालतो आणि कोणता मुळीच नाही

बाजरी, राळे, तांदळाची कणी आणि ज्वारी हे चार दाणे पुरेसे आहेत. चिमणी आणि मुनियांना बाजरी आणि कणी सोयीची पडते. होल्यांना ज्वारी चालते. कोरडा तांदूळ खाल्ल्याने पाखराचे पोट फुटते, हा समज निराधार आहे. शेव, चिवडा, बिस्किटे आणि उरलेली भाजी ठेवू नये, कारण लहान पाखरांना मीठ सोसत नाही. शिळा भात आणि पोळी थोडी चालते, परंतु उन्हाळ्यात दोन तासांत भात आंबतो, आणि मग त्यावर चिमण्या नव्हे तर कावळे आणि माश्या येतात.

भिजलेल्या दाण्याबाबत अधिक सावध राहावे. शेंगदाणे आणि मका दमट राहिले की त्यांवर हिरवट-पिवळी बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, जे कोंबड्यांच्या यकृताला बाधते आणि रानपाखरांनाही बाधते. बुरशी वरून पुसून किंवा दाणा उन्हात वाळवून ते विष जात नाही. ज्या दाण्याला कुबट वास येतो तो खड्ड्यात पुरून टाकावा; "माणसाला नाही चालत, पाखरांना चालेल" हा आपला हिशेब इथे चुकतो. जून ते सप्टेंबर या काळात शेंगदाणा आणि मका पूर्ण बंद ठेवावा आणि भांड्यावर तुराट्यांचे किंवा टिनाच्या तुकड्याचे उतरते छप्पर घालावे. भांड्याच्या बुडाला खिळ्याने चार भोके पाडावीत, म्हणजे झड लागली तरी पाणी साचत नाही.

आता सर्वांत गंभीर गोष्ट सांगतो. पेरणी आटोपली की घराघरांत पाकिटाच्या तळाशी थोडे बियाणे उरते, गुलाबी, निळ्या किंवा हिरव्या रंगाचे. तो रंग शोभेसाठी नसतो. बियाण्याला बुरशीनाशक आणि पुष्कळदा इमिडाक्लोप्रिडसारखे कीटकनाशक चोळले असल्याची ती खूण असते, आणि चिमणीएवढ्या पाखराला त्यातले थोडेसे दाणेही मारू शकतात. हे बियाणे धुऊन चालत नाही आणि वाळवूनही चालत नाही. काही घरी थायरम हे बुरशीनाशक लावून ठेवलेली ज्वारी पोत्यातच राहते आणि रंग फिका झाल्यामुळे पुढच्या वर्षी कोणाच्या लक्षात येत नाही. अशा पोत्यावर तेव्हाच कोळशाने फुली मारून ठेवावी. धान्य टिकवण्यासाठी पावडर मिसळलेल्या दाण्याबाबतही हाच नियम लागू होतो. आमच्या गावात एका जूनमध्ये एकाच परसात सकाळी सात होले मरून पडलेले मी पाहिले आहेत. ज्याने दाणा टाकला होता त्याचा हेतू चांगलाच होता.

पाखरू सुस्त बसले असेल तर

पिसे फुलवून, डोळे अर्धे मिटून भांड्याशेजारीच बसलेले, माणूस जवळ गेला तरी न उडणारे, गिळताना मान पुन्हा पुन्हा ताणणारे, चोचीभोवती ओलसर आणि घाण दिसणारे पाखरू आजारी असते. पारव्यांत आणि होल्यांत ट्रायकोमोनास नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे घशात पिवळसर गाठी होतात, आणि लाळ लागलेल्या दाण्यातून व पाण्यातून तो पसरतो. विष्ठेतून सॅल्मोनेलासारखे जिवाणू पसरतात. गर्दी जितकी जास्त आणि भांडे जितके ओले, तितका प्रसार जास्त होतो.

असे एकही पाखरू दिसले तर दाणा आणि पाणी दोन्ही किमान दोन आठवडे बंद करावे. हे करताना मन धजत नाही, परंतु पाखरे पांगणे हाच त्या वेळी उपचार असतो. भांडी आधी घासून काढावीत, मग घरगुती द्रव ब्लीचचा 1 भाग आणि पाण्याचे 9 भाग अशा द्रावणात दहा मिनिटे बुडवून स्वच्छ धुवावीत आणि कडक उन्हात पूर्ण वाळवावीत. मातीच्या भांड्यात द्रावण मुरते, म्हणून ते उकळत्या पाण्याने धुऊन दोन दिवस उन्हात पालथे ठेवावे. हा परजीवी कोरडेपणात टिकत नाही, आणि विदर्भाच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा. आजारी पाखरू उघड्या हाताने उचलू नये. एकाच वेळी अनेक कावळे किंवा कोंबड्या मरून पडल्या तर ते स्वतः न पुरता तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. 2021 च्या जानेवारीत राज्यात बर्ड फ्लू आला तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात कोंबड्यांची मोठी मर झाली होती, आणि अशा साथीत पहिली खबर गावातूनच जावी लागते.

पाखरे येतच नसतील तर

नव्या जागी पंधरा दिवस ते महिना वाट पाहावी लागते. त्यानंतरही भांडे तसेच राहिले तर जागा तपासावी. पाखरांना भांड्यापासून आठ-दहा फुटांवर पळून बसायला झुडूप किंवा काटेरी फांदी लागते; त्याहून जवळ झुडूप असेल तर त्यात मांजर दबा धरते, आणि झुडूपच नसेल तर शिक्र्याच्या भीतीने चिमण्या उतरत नाहीत. मांजरासाठी बोरीच्या किंवा बाभळीच्या काट्या भांड्याच्या खांबाभोवती घालाव्यात. कुंपणासाठी त्या तोडतोच आपण, चार अधिक तोडाव्यात.

वानरांवर मात्र मला उपाय सापडलेला नाही. टोळी आली की मडके फुटते, डाले उपडे होते आणि शेवग्याच्या शेंगाही जातात. टोळीचा मुक्काम गावात असेपर्यंत दाणा बंद ठेवणे आणि फक्त टांगलेली कणसे आत घेणे एवढेच आम्ही करतो. मुंग्यांसाठी भांडे टांगावे, किंवा दूधदुभत्याच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात तसे चौकटीचे पाय ठेवावेत.

पाणी

दाणा खाणाऱ्या पाखरांचा आहार कोरडा असल्यामुळे त्यांना पाणी जास्त लागते, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, दाण्यापेक्षा पाण्यानेच अधिक पाखरे येतात. भांडे मातीचे, पसरट आणि दोन इंचांपेक्षा उथळ असावे, आणि त्यात मध्यभागी एक दगड ठेवावा, म्हणजे मुनियांना आणि मधमाश्यांना बसता येते. जर्मनचा (ॲल्युमिनियमचा) गंज किंवा स्टीलची थाळी दुपारी हात लावू देत नाही, त्यात पाणी ठेवणे व्यर्थ आहे. कडुनिंबाच्या सावलीत ठेवलेल्या मातीच्या भांड्यातले पाणी पाझरून थंड राहते आणि दिवसातून दोनदा भरावे लागते.

या भांड्याची तक्रार आमच्या घरी गावच्या आशाताईंनी, म्हणजे आरोग्याचे काम पाहणाऱ्या आशा सेविकेने, केली. ताप-सर्वेक्षणाला आल्या असता त्यांनी बॅटरीचा उजेड टाकून भांड्यात वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या. मी रोज पाणी भरत होतो, परंतु जुने ओतून न टाकता त्यावरच नवे ओतत होतो. डेंगीचा डास भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेवर अंडी चिकटवतो आणि ती कोरड्या भांड्यातही महिनोनमहिने तग धरतात, म्हणून नुसते ओतणे पुरत नाही. भांडे रोज रिकामे करून काथ्याने किंवा नारळाच्या शेंडीने कडा घासाव्या लागतात. त्या ओतलेल्या पाण्यावर आमची तुळस वाढली आहे.

पुढच्या वर्षाची तयारी

टांगण्यासाठी कणसे लागतात, आणि ती आता सहज मिळत नाहीत. पऱ्हाटीच्या जोडीला ज्वारी होती तेव्हा मळणीला खळ्यावर कणसांचा डोंगर असे आणि पाखरांसाठी वेगळे काही ठेवावे लागत नसे. नव्वदच्या दशकापासून सोयाबीन वाढत गेले आणि आमच्या शिवारात ज्वारीची तासे (ओळी) हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. सोयाबीनच्या कुटारात चिमणीला फारसे काही सापडत नाही. म्हणून मी गेल्या खरिपात धुऱ्याच्या कडेला ज्वारीची दोन तासे पेरली. कणसे भरू लागली तशा शेतातच चिमण्या, मुनिया आणि पोपट उतरले. आमच्या वडिलांच्या हातची गोफण अजून खुंटीला आहे. ती मी काढली नाही. निम्मी कणसे तिथेच संपली. उरलेल्यांपैकी वीस कणसे दांडा हातभर लांब ठेवून कापली, चार दिवस उन्हात वाळवली, पाच-पाचच्या जुड्या करून चुलीवरच्या आड्याला, धूर लागेल अशा जागी, टांगून ठेवली; तिथे त्यांना कीड लागत नाही. पहिली जुडी मार्चच्या मध्यावर ओसरीत उतरेल.